बटू अनियमित दीर्घिकांमधले तेजोमेघ : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर, कामठी, रामटेक, उमरेड इथल्या महाविद्यालयांत किंवा आकाशदर्शनाच्या रात्री या विषयावर बोलणे झाले की काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे बरीच लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत. ज्याला जेवढी जागा लागली तेवढी दिली. पदवीच्या पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र झालेले असेल तर सगळे समजेल. दहावीच्या मुलांनी आकड्यांचे परिच्छेद सोडून वाचले तरी चालेल.

बटू अनियमित दीर्घिका म्हणजे काय?

आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. तिच्या आसपास आणि तिच्यापलीकडे असंख्य लहान दीर्घिका पसरल्या आहेत, त्यांत फार तर काही अब्ज तारे असतात. त्यांपैकी काहींमधला वायू केव्हाच संपला आहे आणि आता तिथे फक्त म्हातारे तारे उरले आहेत. काहींमध्ये मात्र भरपूर वायू शिल्लक आहे, नवे तारे अजून जन्मताहेत, पण सर्पिल भुजा नाहीत, ठळक केंद्र नाही, आकाराला शिस्त नाही. या दुसऱ्या प्रकाराला बटू अनियमित दीर्घिका म्हणतात. त्यांच्या छायाचित्रात फिकट ताऱ्यांच्या पसाऱ्यावर इथे-तिथे लालसर गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे चमकत्या वायूचे ढग, म्हणजेच तेजोमेघ, आणि तोच आपला विषय.

वायू चमकतो तो कशामुळे?

सूर्याच्या पंधरा-वीस पटींहून जास्त वस्तुमानाचे तारे फार तापलेले असतात. त्यांचा पृष्ठभाग ३०,००० केल्व्हिनच्या वर असतो आणि त्यांचा बराचसा प्रकाश अतिनील पट्ट्यात बाहेर पडतो. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन उखडून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा फोटॉन. असे फोटॉन हे तारे सेकंदाला किती सोडतात? एखाद्या ठसठशीत ओ-वर्गीय, म्हणजे सर्वांत तापलेल्या वर्गातल्या ताऱ्यासाठी १ वर ४९ शून्ये, साधारण इतके. त्यामुळे भोवतालचा हायड्रोजन शेकडो प्रकाशवर्षांपर्यंत आयनीभूत होऊ शकतो.

सुटा झालेला इलेक्ट्रॉन पुन्हा कुठल्यातरी प्रोटॉनला भेटतो आणि पायऱ्या उतरत खाली येतो. तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरताना ६५६.३ नॅनोमीटरचा लाल फोटॉन सुटतो. हीच एच-अल्फा रेषा. अशा १०० पुनर्मीलनांमागे साधारण ४५ एच-अल्फा फोटॉन मिळतात. वायूचे तापमान १०,००० केल्व्हिनच्या आसपास असते आणि घनता एका घन सेंटिमीटरला काही दहा ते काही शे कण. प्रयोगशाळेतली नेहमीची चांगली निर्वात पोकळीसुद्धा यापेक्षा दाट असते.

इथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ नेहमी दिसतो. मेघनाद साहांचे १९२० चे आयनीकरणाचे समीकरण ते थेट तेजोमेघाला लावू पाहतात. ते समीकरण ताऱ्याच्या वातावरणासारख्या औष्णिक समतोलात असलेल्या वायूसाठी आहे. तेजोमेघात आयनीकरण दूरच्या ताऱ्याच्या प्रकाशाने होते आणि पुनर्मीलन स्थानिक घनतेवर ठरते. या दोहोंचा ताळमेळ बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ मध्ये मांडला. ताऱ्याने सेकंदाला सोडलेले आयनकारी फोटॉन आणि गोलात सेकंदाला होणारी पुनर्मीलने समान धरली की गोलाची त्रिज्या मिळते. अर्ध्या पानाचे गणित आहे. प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

वर्णपटातली हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची?

दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनची. ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटर अशी ती जोडी आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटमापक वळवला, तेव्हा त्यांना ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. तो वायू आहे हे त्या रात्री कळले, पण हिरव्या रेषांची ओळख पटेना. पृथ्वीवर नसलेले ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्य असावे असे साठ वर्षे मानले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला. दाट वायूत इलेक्ट्रॉन त्या पातळीवरून प्रकाश सोडायच्या आत दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन त्याची ऊर्जा निघून जाते. तेजोमेघ इतका विरळ असतो की टक्कर व्हायला फार वेळ लागतो, आणि एरवी ‘निषिद्ध’ ठरणारा तो प्रकाश बाहेर पडतो.

मोठ्या, देखण्या सर्पिल दीर्घिका सोडून या फिकट, बेढब दीर्घिकांचा अभ्यास कशासाठी?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी शाबासकी देतो, कारण सगळ्या विषयाचे मर्म यात आहे.

सर्पिल दीर्घिकेत तारे का जन्मतात याला एकाच वेळी अनेक कारणे असतात. भुजांमधून जाणारी घनतेची लाट वायू दाबते, केंद्राजवळचा ताऱ्यांचा दांडा वायू आत ओढतो, शिवाय आतला भाग लवकर आणि बाहेरचा सावकाश फिरत असल्याने वायूचे ढग ताणले जातात. कोणत्या कारणाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड. बटू अनियमित दीर्घिकेत भुजा नाहीत, आणि तिचा बराचसा भाग जात्याच्या तळीसारखा एकसंध फिरतो. वायूचे ढग ताणून फाटत नाहीत. एका ताऱ्यांच्या पुंजक्याने वाऱ्याने आणि स्फोटांनी उडवलेला बुडबुडा कोट्यवधी वर्षे आपला आकार टिकवून ठेवतो. त्या बुडबुड्याच्या कडेवर वायू गोळा होऊन पुढची पिढी जन्मली का, हे आपण नकाशावर बोट ठेवून विचारू शकतो. आयसी १६१३ या बटू दीर्घिकेच्या ईशान्य भागात चमकत्या वायूची वलये आणि कवचे एकमेकांना खेटून आहेत. सेक्स्टन्स ए या दुसऱ्या बटू दीर्घिकेत मधोमध हायड्रोजनची पोकळी आहे आणि ताजे तेजोमेघ तिच्या कडेला.

दुसरे कारण रसायनाचे. खगोलशास्त्रात हायड्रोजन-हीलियम सोडून बाकी सगळ्याला ‘धातू’ म्हणतात. मोठा आणि लहान मॅगेलन मेघ या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन दीर्घिका. मोठ्या मेघात धातूंचे प्रमाण सूर्याच्या साधारण निम्मे आहे, लहान मेघात आणि एनजीसी ६८२२ या बटू दीर्घिकेत साधारण पंचमांश, सेक्स्टन्स ए मध्ये दशांशाहूनही कमी. विश्व तरुण असताना सगळ्याच दीर्घिका अशा धातुदरिद्री होत्या. त्या काळातल्या दीर्घिका अब्जावधी प्रकाशवर्षे दूर आहेत. जेम्स वेब दुर्बिणीलाही त्या पुंजक्यासारख्या दिसतात, त्यांतला एकेक तेजोमेघ सहसा सुटा पाहता येत नाही. शेजारच्या बटू दीर्घिकेत तो दिसतो, त्याच्या आतला ताराही दिसतो. धातू कमी असले की ताऱ्यांचे वारे दुबळे होतात, तारे जास्त तापलेले राहतात, धूळ कमी असते, वायू थंड व्हायला वेळ लागतो. या सगळ्याचा परिणाम नेमका काय होतो हे तपासायला याहून चांगली जागा नाही.

तिसरे कारण जवळीक. १६ लाख प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ६८२२ मध्ये आकाशातला एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे ८ प्रकाशवर्षे. जमिनीवरची चांगली दुर्बीणही तिथे शंभर प्रकाशवर्षांच्या तेजोमेघाची आतली रचना टिपते.

या दीर्घिका लहान आहेत म्हणून दुय्यम आहेत हा समज मला फार खटकतो. सेफिड म्हणजे ठराविक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांचा आवर्तकाल आणि तेजस्विता यांचा नियम हेन्रिएटा लेव्हिट यांना १९१२ मध्ये सापडला तो लहान मॅगेलन मेघातल्या ताऱ्यांवरून, आणि विश्वातली अंतरे मोजायला आपण तिथून शिकलो.

कोणकोणत्या दीर्घिकांची नावे लक्षात ठेवावी?

एनजीसी ६८२२ पहिली. धनू राशीतली ही दीर्घिका एडवर्ड बर्नार्ड यांनी १८८४ मध्ये लहान दुर्बिणीतून शोधली. एडविन हबल यांनी १९२५ मध्ये तिच्यातल्या सेफिड ताऱ्यांवरून ती आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे दाखवले. तिच्या उत्तर टोकाला हबल-५ आणि हबल-१० हे दोन तेजस्वी तेजोमेघ आहेत. रोमन आकड्यांमुळे इंग्रजी पुस्तकांत त्यांची नावे ‘हबल व्ही’ आणि ‘हबल एक्स’ अशी दिसतात. पहिल्याचा व्यास सुमारे २०० प्रकाशवर्षे, दुसऱ्याचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त.

आयसी १६१३ तिमिंगल तारकासमूहात आहे, सुमारे २४ लाख प्रकाशवर्षांवर. तिच्या दिशेला आकाशगंगेची धूळ जवळजवळ नाही, म्हणून मोजमापाला ती सुरेख. शर्मिष्ठेतली आयसी १० याच्या अगदी उलट. धुळीच्या जाड पडद्यामागे आहे, पण आत ताराजन्माची धामधूम सुरू आहे आणि तिच्या आकाराच्या मानाने तिथे वुल्फ-राये तारे (जोरदार वाऱ्याने आपले बाहेरचे थर उडवणारे भारी तारे) फार आहेत.

थोडे दूर गेले की श्यामशबल तारकासमूहातल्या एनजीसी ४२१४ आणि एनजीसी ४४४९ भेटतात, एक कोटी प्रकाशवर्षांच्या आगेमागे. जिराफ तारकासमूहात एनजीसी २३६६ आहे. तिच्या एका टोकाचा तेजोमेघ इतका झगझगीत आहे की त्याला एनजीसी २३६३ असा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

आणि लिओ पी. सिंह राशीत, सुमारे ५३ लाख प्रकाशवर्षांवर. पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीच्या रेडिओ सर्वेक्षणात सापडली, २०१३ मध्ये जाहीर झाली. तिच्यात एकच तेजोमेघ आहे, एका ओ-ताऱ्याने उजळलेला. तिच्याबद्दल पुढे पुन्हा येईल.

मॅगेलनचे मेघ नागपुरातून दिसतात का?

नाही. नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथून आकाशातल्या उणे ६८.९ अंश अक्षांशापेक्षा दक्षिणेचे काहीही उगवत नाही. मोठा मेघ उणे ७० च्या जवळ आहे, लहान त्याच्याही खाली. मोठ्या मेघातला टॅरँटुला तेजोमेघ आपल्या क्षितिजाला जेमतेम हुकतो, याची मला दरवर्षी अगस्त्य पाहताना हळहळ वाटते. टॅरँटुलाची एच-अल्फा तेजस्विता मृगातल्या तेजोमेघाच्या सुमारे हजारपट आहे. कन्याकुमारीहून तो क्षितिजावर जेमतेम तेरा अंश उंचीवर दिसू शकतो.

गच्चीवरून किंवा पेंचला जाऊन डोळ्यांनी काय दिसेल?

शहरातल्या गच्चीवरून दीर्घिका म्हणून जवळजवळ काही नाही. एनजीसी ६८२२ ची एकूण तेजाची प्रत (आकडा जितका लहान तितके तेज जास्त) ८.८ आहे हे वाचून लोक फसतात. तो सगळा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरलेला आहे, आणि वर्धा रोड किंवा मानकापूरच्या दिव्यांपुढे तो विरून जातो.

पेंचची गोष्ट निराळी. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि ते आपल्यापासून साधारण दोन तासांवर आहे. ही विदर्भाला मिळालेली मोठी देणगी आहे असे मी मानतो. आजूबाजूच्या गावांनी दिव्यांना टोपी घालायचे मान्य केले याचा आपण शहरातल्यांनी आदर ठेवावा, गाडीचे प्रखर दिवे लावून तिथे शिरू नये. रात्री थांबायचे असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

तिथे आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) असेल तर एनजीसी ४४४९ सहज दिसेल. आयताकृती, दाणेदार, मध्ये ठळक. एनजीसी २३६६ पेक्षा तिच्या टोकाचा २३६३ हा ठिपका आधी नजरेत भरतो. एनजीसी ६८२२ साठी कमी वर्धन आणि विस्तृत क्षेत्र ठेवा. हबल-५ आणि हबल-१० साठी मात्र उलट करावे लागते : वर्धन वाढवायचे आणि ऑक्सिजनचा, म्हणजे त्या हिरव्या रेषाच आत सोडणारा, फिल्टर आत-बाहेर सरकवून पाहायचे. फिल्टर लावल्यावर तारे मंदावतात आणि जो ठिपका तसाच राहतो तो तेजोमेघ. दहा इंची दुर्बीण असली तर काम सोपे होते.

धनू राशी तर पावसाळ्यात वर असते. मग एनजीसी ६८२२ पाहायची कधी?

जुलैत ती मध्यरात्री सर्वांत उंच असते आणि तेव्हा नागपूरवर ढग असतात, हे खरे. पण दोन खिडक्या उरतात. एक, मेच्या सुरुवातीला पहाटे चारच्या सुमारास ती दक्षिणेकडे ५० अंशांच्या आसपास उंचीपर्यंत पोचलेली असते. दिवसा पारा ४५ ला टेकत असला तरी त्या वेळी हवा कोरडी आणि आकाश बरेचदा नितळ असते. दुर्बीण मात्र संध्याकाळपासून बाहेर ठेवा, नाहीतर आरशाची उष्णता प्रतिमा हलवत राहते. दोन, ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की अंधार पडताच ती दक्षिणेत उंच असते, दोन-तीन तास मिळतात.

बाकीच्यांचे वेळापत्रक सोपे आहे. एनजीसी २३६६ फेब्रुवारीत रात्री साडेदहाला उत्तरेकडे ४२ अंशांवर, एनजीसी ४४४९ एप्रिलच्या मध्यावर रात्री अकराला, आयसी १६१३ नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर.

फोटोत लाल दिसते, दुर्बिणीतून राखाडी. फोटो खोटा असतो का?

फोटो खरा असतो. अंधारात आपले डोळे ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात आणि ६५६ ला जवळजवळ आंधळे. म्हणूनच डोळ्यांनी पाहताना ऑक्सिजनचा फिल्टर उपयोगी, कॅमेऱ्याला एच-अल्फाचा.

एच-अल्फा प्रतिमा कशी तयार करतात?

दोन प्रतिमा घ्यायच्या. एक अरुंद एच-अल्फा फिल्टरमधून, दुसरी लाल रंगाच्या रुंद फिल्टरमधून. अरुंद प्रतिमेतही ताऱ्यांचा सलग प्रकाश असतोच. रुंद प्रतिमेला योग्य गुणकाने कमी करून ती अरुंद प्रतिमेतून वजा केली की तारे नाहीसे होतात आणि फक्त वायूचा प्रकाश उरतो.

सगळी कसोटी त्या गुणकात आहे. तेजोमेघात नसलेले, मध्यम तेजाचे वीस-पंचवीस तारे निवडा, दोन्ही प्रतिमांत त्यांचा प्रकाश मोजा, गुणोत्तरांचा मध्यक घ्या. गुणक कमी पडला तर सगळी दीर्घिकाच चमकल्यासारखी दिसते, जास्त झाला तर काळे खड्डे पडतात. दोन्ही प्रतिमांमधली ताऱ्यांची रुंदी सारखी करून घेतली नाही तर प्रत्येक ताऱ्याभोवती काळी-पांढरी कडी उरते, आणि नवखे विद्यार्थी त्या कड्यांनाच कवचाकृती तेजोमेघ म्हणून नोंदवतात. अतितेजस्वी ताऱ्यांच्या जागा सरळ झाकून टाकाव्यात.

फिल्टरबद्दल आणखी एक. एच-अल्फाच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजनच्या रेषा आहेत, ६५४.८ आणि ६५८.४ ला. सात नॅनोमीटरच्या फिल्टरमधून त्याही आत येतात. सर्पिल दीर्घिकेत ही मोठी डोकेदुखी असते. धातुदरिद्री बटू दीर्घिकेत नायट्रोजनच इतका कमी असतो की भर काही टक्क्यांचीच पडते. दीर्घिकेच्या वेगामुळे रेषा सरकते, तेही तपासावे. एनजीसी ४४४९ आपल्यापासून सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर वेगाने दूर जाते, म्हणजे रेषा अर्ध्या नॅनोमीटरपेक्षा कमी सरकते. जवळच्या दीर्घिकांसाठी बाजारातला नेहमीचा फिल्टर चालतो.

नकाशावरचा प्रत्येक चमकता ठिपका ताराजन्माचा तेजोमेघच असतो का?

नाही, आणि ही छाननी न करता काढलेली यादी निरुपयोगी ठरते. अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचे, अवशेषही एच-अल्फात चमकतात. तिथे वायू धक्क्याने तापलेला असतो आणि गंधकाच्या ६७१.७ व ६७३.१ च्या रेषा बळकट असतात. त्यांची बेरीज एच-अल्फाच्या ०.४ पटीहून जास्त भरली तर अवशेषाचा संशय घ्यावा. म्हाताऱ्या ताऱ्यांनी सोडलेले ग्रहीय तेजोमेघ लांबून ताऱ्यासारखे ठिपके दिसतात आणि त्यांत ऑक्सिजनची हिरवी रेषा बहुधा एच-अल्फापेक्षाही प्रबळ असते. याशिवाय स्वतःच एच-अल्फा सोडणारे तारे असतात, आणि फार दूरच्या दीर्घिकांची वेगळीच रेषा सरकून आपल्या फिल्टरमध्ये येते. एकट्या प्रतिमेवर निकाल देऊ नये, वर्णपट उपलब्ध असेल तर तो पाहावा.

तेजोमेघाच्या प्रकाशावरून आत किती तारे आहेत हे कसे काढतात?

समजा एनजीसी ६८२२ मधल्या एका तेजोमेघाचा मोजलेला एच-अल्फा प्रकाश प्रति चौरस सेंटिमीटर, प्रति सेकंद १० चा उणे १२ वा घात अर्ग आहे. अंतर १६ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे १.५ गुणिले १० चा २४ वा घात सेंटिमीटर. त्याचा वर्ग करून ४π ने गुणा, मग मोजलेल्या प्रकाशाने गुणा. तेजस्विता येते २.९ गुणिले १० चा ३७ वा घात अर्ग प्रति सेकंद. मृगातल्या तेजोमेघाच्या तिप्पट.

आता या आकड्याला ७.३ गुणिले १० चा ११ वा घात याने गुणले की सेकंदाला लागणारे आयनकारी फोटॉन मिळतात, इथे २ गुणिले १० चा ४९ वा घात. म्हणजे एक-दोन भक्कम ओ-तारे पुरेत.

या हिशेबात तीन गृहीतके दडली आहेत. एकही फोटॉन तेजोमेघाबाहेर निसटला नाही, धुळीने काही गिळले नाही, आणि अंतर बरोबर आहे. अंतरात १० टक्के चूक असेल तर तेजस्वितेत सुमारे २० टक्के येते. याच कारणाने अहवालात अंतर कुठून घेतले हे लिहिणे बंधनकारक समजा.

अशा सगळ्या तेजोमेघांची बेरीज करून दीर्घिकेत वर्षाला किती सौरवस्तुमानाचे तारे जन्मतात तेही काढतात. सर्पिल दीर्घिकेत ही पद्धत चालते. बटू दीर्घिकेत जपून. ओ-तारे ३० लाख ते एक कोटी वर्षे जगतात, म्हणून एच-अल्फा फक्त तेवढ्या अलीकडचा काळ सांगतो. लिओ पी मधला तो एकुलता एक ओ-तारा उद्या विझला तर तिथला ताराजन्माचा दर एच-अल्फाच्या हिशेबाने शून्य येईल, प्रत्यक्षात दीर्घिकेत काहीच बदललेले नसेल. अशा वेळी अतिनील प्रतिमा शेजारी ठेवावी लागते, कारण अतिनील प्रकाश गेल्या सुमारे दहा कोटी वर्षांतले तारे दाखवतो. २०१५ साली उडवलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची अतिनील दुर्बीण अशाच कामाची आहे.

ऑक्सिजनचे प्रमाण मोजतात ते कसे?

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हा.

ऑक्सिजनच्या रेषेची तीव्रता दोन गोष्टींवर ठरते : ऑक्सिजन किती आहे आणि वायू किती तापलेला आहे. आधी तापमान ठरवल्याशिवाय प्रमाण काढता येत नाही. त्यासाठी ४३६.३ नॅनोमीटरची एक दुबळी रेषा आहे. ती त्याच आयनाच्या वरच्या पातळीवरून येते. तिथे पोचायला इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जेची टक्कर लागते, म्हणून ४३६.३ आणि ५००.७ यांचे गुणोत्तर थेट तापमान सांगते.

धातूंनी संपन्न दीर्घिकेत ही रेषा बहुतेकदा दिसतच नाही. ऑक्सिजन स्वतःच प्रकाश सोडून वायूला थंड करतो, जितका ऑक्सिजन जास्त तितका वायू थंड, आणि वरच्या पातळीवर कोणी पोचत नाही. बटू दीर्घिकेत ऑक्सिजन कमी, वायू १५,००० केल्व्हिनच्याही वर राहतो, रेषा दिसते. म्हणजे ज्या ठिकाणी ऑक्सिजन सर्वांत कमी, तिथेच तो सर्वांत विश्वासाने मोजता येतो.

लिओ पी चा तो एकटा तेजोमेघ नसता तर तिच्या वायूतले ऑक्सिजनचे प्रमाण असे थेट मोजता आले नसते. तिथे ऑक्सिजन सूर्याच्या जेमतेम ३ टक्के निघाला. आय झ्विकी १८ या दीर्घिकेतही तितकाच कमी आहे, पण ती कितीतरी दूर आहे. अशा जवळजवळ कोऱ्या वायूत हीलियमचे प्रमाण मोजले की महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत किती हीलियम बनले याचा अंदाज येतो. तो वस्तुमानाच्या २४ ते २५ टक्के भरतो. एखाद्या बेढब, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या दीर्घिकेतल्या वायूच्या ढगावरून विश्वाच्या पहिल्या मिनिटांबद्दल बोलता येते, याचे मला अजूनही अप्रूप आहे.

धुळीचे काय करायचे?

एच-अल्फा आणि ४८६.१ नॅनोमीटरच्या एच-बीटाचे गुणोत्तर १०,००० केल्व्हिनला २.८६ यायला हवे. जास्त आले तर निळा प्रकाश धुळीने खाल्ला आहे, त्यावरून दुरुस्ती करा. आयसी १० आणि एनजीसी ६८२२ साठी आपल्याच आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्ती मोठी आहे.

तेजोमेघांच्या मधल्या जागेतही अंधुक एच-अल्फा दिसतो. तो कुठून येतो?

त्याला विखुरलेला आयनीभूत वायू म्हणतात, आणि दीर्घिकेच्या एकूण एच-अल्फापैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग त्यातून येतो. मुख्य स्रोत म्हणजे तेजोमेघांच्या फटींतून निसटलेले फोटॉन. यातले काही दीर्घिकेच्याही बाहेर पडतात का, हा आज जगभर जोमाने अभ्यासला जाणारा प्रश्न आहे. विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत दीर्घिकांच्या दरम्यानच्या पोकळीतला वायू पुन्हा आयनीभूत झाला तो बहुधा लहान दीर्घिकांतून निसटलेल्या प्रकाशाने, असा कयास आहे. नकाशा तयार करताना तेजोमेघाची कड कुठे थांबवायची हे म्हणून महत्त्वाचे. मी एक ठराविक तेजोमर्यादा ठरवून सगळीकडे तीच लावायला सांगतो. डोळ्यांनी काढलेली कड दोन विद्यार्थ्यांची कधीच जुळत नाही.

नारायणगावच्या जीएमआरटीचा यात काय संबंध?

खोडदजवळच्या या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. ती २१ सेंटिमीटर तरंगलांबीला थंड, न चमकणारा हायड्रोजन पाहू शकते. तिच्यावरून फिकट अनियमित दीर्घिकांचे ‘फिग्स’ नावाचे सर्वेक्षण झाले आहे. एनजीसी ३७४१ या चिमुकल्या दीर्घिकेचा हायड्रोजन तिच्या ताऱ्यांच्या पसाऱ्यापेक्षा कित्येक पट दूर पसरला आहे हे इथूनच दिसले. एच-अल्फा नकाशा आणि २१ सेंटिमीटरचा नकाशा एकमेकांवर ठेवला की वायू कुठे साठला आहे आणि त्यातला कुठला पेटला आहे हे एकत्र दिसते.

दुर्बीण नाही. महाविद्यालयीन प्रकल्प घरी बसून करता येईल?

नक्की येईल. एनईडी या संकेतस्थळावर जवळच्या अनेक दीर्घिकांच्या एच-अल्फा प्रतिमा फिट्स या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फाइल-स्वरूपात मोफत मिळतात. हबल आणि वेबच्या प्रतिमा मास्ट या संग्रहात आहेत. प्रतिमा पाहायला डीएस९, मोजमापाला पायथनमधले अ‍ॅस्ट्रोपाय, दोन्ही मोफत. साधा लॅपटॉप पुरतो.

एक दीर्घिका घ्या आणि तीस-चाळीस तेजोमेघ मोजा. प्रत्येकाचे स्थान, व्यास, तेजस्विता लिहा. तेजस्वी किती, मंद किती याचा आलेख काढा. नंतर जुन्या प्रकाशित यादीशी ताडून पाहा आणि जिथे फरक पडला तिथे तो का पडला याचा शोध घ्या. माझ्या मते प्रकल्पाचे निम्मे गुण या शेवटच्या कामाला द्यायला हवेत.

एमएस्सीनंतर याच विषयात पुढे जायचे असेल तर?

जेस्ट आणि नेट या परीक्षांची तयारी करा. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या दोन्ही खगोलशास्त्र संस्थांत विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतले प्रकल्प असतात, त्यांची जाहिरात संकेतस्थळावर येते. आयुका मुळातच विद्यापीठांसाठी स्थापन झाली आहे, तेव्हा नागपूरच्या विद्यार्थ्याने तिथे संकोचाने पत्र लिहायचे कारण नाही. पायथन आणि वर्णपटशास्त्र पक्के असेल तर मुलाखतीत फरक पडतो.

पहिल्या प्रकल्पासाठी कोणती दीर्घिका घेऊ?

आयसी १६१३. धूळ जवळजवळ नसल्याने एक मोठी दुरुस्ती वाचते, अंतर सेफिड ताऱ्यांवरून नीट ठरलेले आहे, तेजोमेघ एकमेकांत फारसे मिसळलेले नाहीत आणि ईशान्येची कवचे पुढच्या वर्षाच्या कामाला पुरतात. एनजीसी ६८२२ जवळ असली तरी तिच्यासमोर आकाशगंगेच्या ताऱ्यांची इतकी गर्दी आहे की वजाबाकीतच सत्र निघून जाईल, ती दुसऱ्या वर्षी घ्या. नोव्हेंबरमध्ये पेंचची एखादी रात्र मिळाली तर आयसी १६१३ प्रत्यक्षही शोधा. दहा इंची दुर्बिणीतून ती फार फिकट दिसते, म्हणून आधी नकाशावर भोवतालचे तारे पाठ करून जा.